‘माझं पित्ताचं डोकं आहे’: अर्धशिशीचं एक प्रकरण

चैत्रातली सकाळ. साडेदहालाच सोलापूरचं ऊन डोळ्यांवर येत होतं. बाई दवाखान्यात शिरल्या त्या डोळ्यांना काळा गॉगल, त्यावरून ओढणी आणि हातात कापडाच्या दुकानाची पिशवी घेऊन. पिशवीत एकोणीस वर्षांचे कागद होते. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या, “डॉक्टर, तेवढी ट्यूबलाइट बंद करता का? पित्ताचं डोकं आहे माझं. आता फक्त आयुर्वेद करायचा, त्या सगळ्या गोळ्या बंद करायच्यात.”

ही नोंद त्यांच्या परवानगीने लिहितो आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय ३८, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. शाळा शहराबाहेर बावीस किलोमीटरवर, जाणं-येणं स्कूटीवर. घरी नवरा, दोन मुलं आणि सासूबाई. या सासूबाई पुढे या प्रकरणात माझ्यापेक्षा जास्त कामाला आल्या, म्हणून त्यांचा उल्लेख आत्ताच करून ठेवतो.

आपल्याकडे अर्धशिशीच्या अनेक रुग्णांना अर्धशिशी आहे हेच ठाऊक नसतं. त्यांना ‘पित्त’ असतं. डोकं ठणकायला लागतं, उमासे येतात, आंबट-कडू उलटी होते, उलटीनंतर जरा झोप लागते आणि उठल्यावर हलकं वाटतं. म्हणजे पित्त पडलं, डोकं उतरलं. हिशेब इतका सरळ दिसतो की पिढ्यान्‌पिढ्या कोणी तपासला नाही. मॅडमच्या पिशवीत ॲसिडिटीच्या गोळ्यांची सात-आठ वर्षांची प्रिस्क्रिप्शनं होती. त्या स्वतः कोमट मिठाचं पाणी पिऊन, घशात बोटं घालून पित्त पाडत होत्या.

खरं तर मळमळ आणि उलटी हा अर्धशिशीच्या झटक्याचाच भाग आहे. झटका चालू असताना जठर मंदावतं, अन्न पुढे सरकत नाही. पोट बिघडलं म्हणून डोकं दुखतं असं वाटतं, पण बहुतेक वेळा दोन्ही एकाच घटनेची दोन टोकं असतात. गंमत म्हणजे याला शास्त्राधार शोधायला गेलं तर आयुर्वेदही ‘नुसतं पित्त’ म्हणत नाही. चरकाने अर्धावभेदक, म्हणजे आपली अर्धशिशी, सांगितला तो केवळ वाताचा किंवा वात-कफाचा. सुश्रुताने तिन्ही दोषांचा सांगितला आणि तो दर पंधरा दिवसांनी, दहा दिवसांनी किंवा एकाएकी उठतो असंही नोंदवून ठेवलं. एकट्या पित्ताच्या नावावर तो कोणीच लिहिलेला नाही. मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्या जरा नाराज झाल्या. एकोणीस वर्षं सांभाळलेलं पित्त असं एका वाक्यात काढून घेतलं की माणूस नाराज होणारच.

इतिहास अगदी पुस्तकी होता. बहुतेक वेळा उजवं कानशील, मग डोळ्याच्या मागे, मग मान. ठणका नाडीच्या ठोक्याबरोबर. उजेड नको, मिक्सरचा आवाज नको, फोडणीचा वास तर नकोच. जिना चढला की वाढतं. सहा तासांपासून दोन दिवसांपर्यंत टिकतं. निदानाची आंतरराष्ट्रीय चौकट असे किमान पाच झटके मागते, चार ते बहात्तर तासांचे. त्यात एका बाजूला दुखणं, ठणका, तीव्रता, हालचालीने वाढणं यांपैकी दोन गोष्टी आणि शिवाय मळमळ किंवा उजेड-आवाज सहन न होणं. मॅडमकडे हे सगळंच होतं. डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा, हाताला मुंग्या असं आधी काही होत नव्हतं. दोन वर्षांपूर्वीचा एमआरआय स्वच्छ होता.

मग मी गोळ्यांबद्दल विचारलं. “लागेल तेव्हा एखादी घेते.” पर्स उलटी करायला सांगितली. चार पाकिटं निघाली, चारही अर्धवट फाडलेली, एकाच गोळीची. औषधाच्या दुकानातून थेट आणलेली, चिठ्ठी कधीच नव्हती. दहा गोळ्यांचं पाकीट किती दिवस जातं? थोडा विचार करून म्हणाल्या, “पाच-सहा.” म्हणजे महिन्यात पन्नासच्या आसपास गोळ्या, आणि गोळी न घेतलेले दिवस बारा-तेरा. पाकिटामागची बारीक अक्षरं मी मोठ्याने वाचली: अर्गोटामाइन, कॅफीन, पॅरासिटामॉल, प्रोक्लोरपेराझिन. “यात कॉफी असते?” त्यांनी विचारलं. असते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे मीच विसरलो आहे.

डोकेदुखीची गोळीच डोकेदुखी चालू ठेवते, हे रुग्णाला पटवणं सगळ्यात अवघड. मिश्र गोळ्या, अर्गोटामाइन किंवा ट्रिप्टान (अर्धशिशीच्या झटक्यावरच्या खास गोळ्या) महिन्यात दहा किंवा जास्त दिवस आणि साध्या वेदनाशामक गोळ्या पंधरा किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं, की आधीच्या अर्धशिशीवर दुसरी डोकेदुखी चढते. मॅडमच्या डोक्यात दोन दुखणी एकमेकांत मिसळली होती. अधूनमधून येणारा खरा झटका, आणि बऱ्याच सकाळी डोक्यावर बसलेलं ते मंद ओझं, ज्याला त्या ‘आज डोकं जड आहे’ म्हणत.

त्या दिवशी मी औषध दिलं नाही. रक्तदाब पाहिला, मान वाकवून पाहिली, चाल पाहिली, हातापायांतली ताकद पाहिली. एकाएकी वीज पडल्यासारखं उठलेलं दुखणं, ताप आणि ताठ मान, हातापायाची कमजोरी, अडखळती जीभ, पन्नाशीनंतर पहिल्यांदा सुरू झालेली डोकेदुखी, डोक्याला मार, गरोदरपण किंवा बाळंतपण, यातलं काही असतं तर वाट वेगळी होती. तसं काही नव्हतं. पण अर्गोटामाइनची पन्नास-पन्नास गोळ्यांची सवय सोडवणं हे काढ्याचं काम नव्हे. मी मेंदूविकारतज्ज्ञांना पत्र लिहिलं. मॅडमचा चेहरा पडला. “मी त्यांच्याकडून सुटायला तुमच्याकडे आले, आणि तुम्ही परत त्यांच्याकडेच पाठवताय!”

“परत येताना त्यांची चिठ्ठी घेऊन या,” एवढंच म्हणालो. त्या येतील याची मला खात्री नव्हती.

आठव्या दिवशी आल्या. चिठ्ठीत लिहिलं होतं: मिश्र गोळी पूर्ण बंद. आठवडाभर नॅप्रोक्सेन हे वेदनाशामक ठरलेल्या वेळी, जेवणानंतर. रात्री झटके टाळण्यासाठी अमिट्रिप्टिलीन १० मिलिग्रॅम, रोज, झटका असो वा नसो. खरा झटका आला तर सुरुवातीलाच रिझाट्रिप्टान ही ट्रिप्टान गटातली गोळी, पण आठवड्यात दोन दिवसांच्या वर नाही. घरात जुनी पाकिटं ठेवू नका, कारण अर्गोटामाइन आणि ट्रिप्टान यांच्यात चोवीस तासांचं अंतर लागतं. दोन्ही रक्तवाहिन्या आकसणारी. खाली एका ओळीत मला उद्देशून लिहिलं होतं, ‘आपण काय देणार आहात ते कळवावे.’ ही ओळ वाचून मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत अशी ओळ लिहिणारे डॉक्टर मला फार भेटलेले नाहीत. आणि खरं सांगायचं तर आम्ही वैद्यही न विचारता कळवत नाही.

कॅलेंडर

डायरी लिहा म्हटलं तर कोणी लिहीत नाही. शिक्षिकेने तर नाहीच. दिवसभर नोंदवह्याच भरायच्या असतात. म्हणून स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं कॅलेंडर वापरायचं ठरलं. डोकं दुखलं की लाल ठिपका, गोळी घेतली की निळी रेघ, पाळीच्या दिवसांना गोल. पेन सुतळीने खिळ्याला बांधलेलं. ठिपके द्यायचं काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलं, कारण “ती लपवती.”

या कॅलेंडरचा एक फायदा माझ्या आधी लक्षात आला नव्हता. आपल्या कॅलेंडरावर चतुर्थी, एकादशी आधीच छापलेल्या असतात. मॅडमचे सोमवार, दोन्ही एकादश्या आणि संकष्टी, असे महिन्याला सहा-सात उपास. पहिल्या महिन्याचं पान समोर ठेवलं तेव्हा सातांपैकी पाच उपासांच्या संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी लाल ठिपका होता. सासूबाईंनी लगेच निकाल देऊन टाकला. मी दिला नाही. महिन्यात एकोणीस लाल ठिपके असतील तर पाच काय, सहाही योगायोगाने जुळतात. खरा पुरावा जुलैत मिळाला. तेव्हा लाल ठिपके नऊवर आले होते, आणि त्यांतले पाच अजूनही उपासांना चिकटून होते.

उपासात काय खाता हे नीट विचारलं, तर खाण्यापेक्षा न खाणंच जास्त निघालं. सकाळी सहाला चहा, शाळेत अकराला चहा, दीडला घरी येऊन साबुदाण्याची खिचडी. संकष्टीला तीही नाही. चंद्रोदय होईपर्यंत चहावर, आणि चंद्रोदय रात्री नऊ-साडेनऊचा. चरकाने अर्धावभेदकाची कारणं सांगितली आहेत त्यांत रूक्ष अन्न आहे, पहिलं पचायच्या आत दुसरं खाणं आहे, पूर्वेचा वारा आणि दव आहे, अतिश्रम आहे, आणि वेगधारण, म्हणजे लघवी-शौचासारखे वेग दाबून धरणं, आहे. जेवण चुकलं की झटका येतो हे तर आधुनिक डॉक्टरही पहिल्याच भेटीत सांगतात. इथे दोन शास्त्रांत भांडण नाही.

रूक्ष अन्नाचा विषय निघाला तेव्हा मॅडमनी विचारलं, “मग कडक भाकरी आणि शेंगाचटणी बंद का?” सोलापुरात राहून हे मी कोणत्या तोंडाने सांगू? कॅलेंडरावर त्या दोघींविरुद्ध एकही पुरावा नव्हता. वर चमचाभर तूप घ्या म्हटलं आणि पुढे गेलो. रुग्णाच्या ताटातून पंधरा पदार्थ काढून घेणारी पथ्याची छापील यादी मी फार वर्षांपूर्वी फाडून टाकली आहे. माणूस घाबरून कमी खातो, आणि अर्धशिशीत कमी खाणं हेच कुपथ्य आहे.

उपासाचं काय करायचं हा प्रश्न मी सासूबाईंपुढे मांडला. मला वाटलं होतं विरोध होईल. त्या म्हणाल्या, “आवो डॉक्टर, देव काय माणसाला उपाशी मारायला बसलाय का?” सोमवार आणि एकादशीला सकाळी सहालाच दूध-राजगिऱ्याच्या लाह्या, शाळेत केळं, दुपारी वरई-दाण्याची आमटी. संकष्टीचा नैवेद्य चंद्रोदयालाच, पण संध्याकाळी सातला सुनेने खाऊन घ्यायचं. सूर्योदयापूर्वी दूध-जिलेबी खाल्ली की अर्धशिशी जाते, असं आमच्या भागात म्हणतात. जिलेबीचं श्रेय मला ठाऊक नाही. पण पहाटे पोटात काहीतरी जातं, त्यात तथ्य असावं असं मला वाटत आलं आहे.

राहता राहिलं वेगधारण. मी सहज विचारलं, “शाळेत पाणी किती पिता?” म्हणाल्या, “पीतच नाही.” का? त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, बायकांच्या संडासात नळाला पाणी नाही, कडीही नीट लागत नाही. पाणी प्यायलं की जावं लागतं, म्हणून घर सोडल्यापासून घरी येईपर्यंत पाणी नाही. चैत्र-वैशाखात, सोलापुरात, स्कूटीवर. हे पिशवीतल्या एकाही कागदावर नव्हतं. एकोणीस वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं.

माझी चूक

मिश्र गोळी बंद झाल्यावर दोन ते दहा दिवस दुखणं वाढतं, हे तज्ज्ञांनी आणि मीही सांगितलं होतं. घरचे तयार होते. पण त्याच आठवड्यात मी उत्साहाच्या भरात चहा बंद करायला सांगितला. रोजचे पाच कप, तेही उपाशीपोटी. वैद्याचा हात शिवशिवतोच. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला फोन. मॅडम भिंतीला डोकं टेकून बसल्या होत्या, तीनदा उलटी झाली होती, आणि सासूबाई विचारत होत्या की जुनं पाकीट आणू का.

गोळीतलं कॅफीन आणि चहातलं कॅफीन मी एकाच दिवशी काढून घेतलं होतं. कॅफीन एकदम तोडलं की डोकं दुखतं, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असतं. पाकिटामागचं मीच मोठ्याने वाचलं होतं. मी फोनवरच सांगितलं: अर्धा कप चहा आत्ता, दोन टोस्ट, नॅप्रोक्सेन तज्ज्ञांनी सांगितल्याप्रमाणे, जुनं पाकीट नाही. पुढे दर आठवड्याला एक कप कमी केला आणि दोनवर थांबलो. दोन कप आजही चालू आहेत, काही खाल्ल्यानंतर. तज्ज्ञांना मी हा प्रकार कळवला. त्यांनी उत्तरात एकच शब्द लिहिला, ‘ओके’. तो फार सभ्य शब्द होता.

मी काय दिलं

पहिले पंधरा दिवस तोंडावाटे माझं कुठलंही औषध नाही. मग तीन गोष्टी, एकेक करून, म्हणजे कशाने काय होतं ते कळावं.

पहिली पादाभ्यंग. रात्री तळपायांना तूप लावून काशाच्या वाटीने दहा-दहा मिनिटं घासणं. हे सासूबाईंना येत होतं. त्यांच्या आईची वाटी घरात होती. वाटी काळी पडली की त्या समाधानाने म्हणत, “बघा, उष्णता निघाली.” मी एकदा ती वाटी घेऊन दवाखान्यातल्या लाकडी पाटावर तूप टाकून घासून दाखवली. काळी पडली. पाटाला उष्णता नव्हती. काशात तांबं असतं. तूप आणि घर्षणाने धातूचाच काळा थर सुटतो. सासूबाई जरा वेळ पाटाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “आसंल. पण झोप लागती ना?” लागत होती. अमिट्रिप्टिलीननेही लागते. कोणाने किती लागली हे मी वेगळं करू शकत नाही. मात्र सून-सासू रात्री वीस मिनिटं मोबाइलशिवाय एकत्र बसू लागल्या, हे कॅलेंडरावर न येणारं निरीक्षण आहे.

दुसरी नस्य. दोन थेंब अणुतेल, कोमट करून, सकाळी दात घासल्यावर, प्रत्येक नाकपुडीत. नाक हे डोक्याचं दार, असं आमचं शास्त्र मानतं. जेवल्यावर लगेच नाही, डोक्यावरून अंघोळ केलेल्या दिवशी नाही, सर्दीत नाही, झटका चालू असताना तर नाहीच. त्यांना नाक मोकळं वाटायचं, शाळेतल्या खडूच्या धुळीने कमी शिंका यायच्या. ठिपक्यांत फरक दिसला नाही. पावसाळ्यात त्यांनी आपणहून सोडलं, मी आग्रह धरला नाही.

तिसरी पथ्यादि काढा, शार्ङ्गधर संहिता या जुन्या ग्रंथातला. हिरडा, बेहडा, आवळा, काडेचिराईत, हळद, कडुनिंब, गुळवेल आणि वर गूळ. अमिट्रिप्टिलीनने तोंड कोरडं पडतं आणि शौचाला कडक होतं, त्यासाठीही हा बरा म्हणून निवडला, आणि ते काम त्याने चोख केलं. पण गुळवेल आहे म्हटल्यावर आधी यकृताच्या तपासण्या केल्या आणि सहा आठवड्यांनी पुन्हा. २०२१ साली मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी, करोनाच्या काळात गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला झालेली इजा प्रसिद्ध केली होती. त्यावरून बराच वाद झाला, आयुष मंत्रालयाने निष्कर्ष नाकारले. त्या वादात मी कुठल्या बाजूला आहे हे रुग्णाच्या दृष्टीने गौण आहे; साधी रक्ततपासणी गौण नाही. दोन्ही अहवाल चांगले आले. आठ आठवड्यांनी काढा थांबवला. थांबवल्यावर ठिपके वाढले नाहीत. हे लिहिताना वैद्य म्हणून थोडं टोचतं, पण कॅलेंडर समोर आहे.

डोकेदुखीवरचा शिरःशूलादि वज्र रस का दिला नाही, असं एका सहकारी वैद्यांनी विचारलं. त्यात पारा आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या बोस्टन भागातल्या दुकानांतले आयुर्वेदिक औषधांचे सत्तर नमुने तपासले होते, त्यांतल्या चौदांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. आपण म्हणू की ती औषधं नीट बनवलेली नसतील. असेल. पण ज्या बाईचं अजून पाळीचं वय आहे, जिला दुसरं औषध चालू आहे, तिला महिनोन्‌महिने देण्याएवढी खात्री मला माझ्या दुकानातल्या डबीबद्दलही नाही.

केसांचा मुद्दा मात्र अनपेक्षितपणे मोठा निघाला. मॅडम दर शुक्रवारी पहाटे डोक्यावरून अंघोळ करून, ओले केस तसेच बांधून, वर हेल्मेट घालून निघायच्या. लाल ठिपका बहुतेक शुक्रवारी दुपारी किंवा शनिवारी. आई-आजी ‘ओल्या केसांनी वाऱ्यात जाऊ नको’ म्हणतात आणि आपण हसतो. मुंबईतल्या एका डोकेदुखीतज्ज्ञांनी २००६ साली केस धुण्याने झटका येणाऱ्या ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणं आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापली. पाश्चात्त्य पुस्तकांच्या यादीत हे कारण नव्हतं. मॅडमचं केस धुणं आम्ही रविवारी दुपारी, जेवणानंतर, कोमट पाण्याने, वाळेपर्यंत घरात, असं हलवलं. शुक्रवारचा ठिपका त्यानंतर फारसा दिसला नाही. हा या प्रकरणातला सगळ्यात स्वस्त उपाय.

लेप की गोळी

झटका आला की घरात वर्षानुवर्षं एक क्रम होता. आधी सहाणेवर सुंठ उगाळून कपाळाला लेप, मग अंधाऱ्या खोलीत पडणं, मग मिठाचं पाणी पिऊन पित्त पाडणं, आणि दोन-तीन तासांनी, असह्य झाल्यावर, गोळी. आता गोळी बदलली होती, क्रम तोच राहिला होता. मे महिन्यात त्या तक्रार घेऊन आल्या की रिझाट्रिप्टान ‘लागू पडत नाही’. पडणार कशी? तोवर जठर थंडावलेलं, अर्धी गोळी उलटीत.

मी क्रम उलटा केला. कानशील ठणकायला लागल्याबरोबर गोळी, तज्ज्ञांनी दिलेल्या मळमळीच्या गोळीसह. मग लेप. सासूबाईंना वाटलं मी त्यांच्या सुंठेचा अपमान केला. तसं नाही. सुंठेवर २०१४ मध्ये इराणमध्ये शंभर रुग्णांवर अभ्यास झाला, त्यात सुंठेची पूड सुमाट्रिप्टानच्या जवळपास उतरली. पण तिथे नुसती खोटी, औषध नसलेली गोळी घेणारा गट नव्हता. पुढे रोज सुंठ घेऊन झटके टळतात का हे ब्राझीलमध्ये तपासलं, तेव्हा ती खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही. म्हणजे मळमळीला चिमूटभर सुंठ-गूळ जरूर घ्यावा, लेपाने गार-गरम वाटून बरंही वाटतं. पण तिची वाट पाहत गोळीची वेळ घालवू नये. शिवाय लेप पातळ हवा आणि सुकायच्या आत धुवावा. मॅडमच्या कपाळावर उजवीकडे एक तांबूस पट्टा होता. तो अर्धशिशीचा नव्हता, सुंठेने पोळल्याचा होता.

योगासनांबद्दल थोडक्यात. दिल्लीच्या एम्सने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १६० रुग्ण घेतले होते. नुसत्या औषधांपेक्षा औषध आणि योग दोन्ही करणाऱ्यांत झटके जास्त कमी झाले. मॅडमनी आठवड्यातून तीन दिवस मानेच्या हालचाली, अनुलोम-विलोम आणि शवासन धरलं. शवासनात घोरायच्या, असं मुलगा सांगतो.

ऑगस्टमधला फोन

श्रावणात एका सकाळी सातला फोन. “डॉक्टर, कालपासून उठलंय. गोळी घेतली, उतरत नाही. नॅप्रोक्सेन घेऊ का?” कुठल्या बाजूला, विचारलं. “सगळंच. डोळे फिरवले तरी दुखतात. अंगही मोडलंय.” एकोणीस वर्षांत त्यांनी कधी ‘सगळंच’ म्हटलं नव्हतं. थर्मामीटर लावायला सांगितला. १०२.

नॅप्रोक्सेन घेऊ नका, काढाबिढा काही नाही, आत्ता फिजिशियनकडे जा, एवढंच बोललो. डेंग्यू निघाला. प्लेटलेट ऐंशी हजारांच्या खाली गेल्या, तीन दिवस दवाखान्यात काढावे लागले. डेंग्यूत नॅप्रोक्सेनसारख्या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो, तापाला फक्त पॅरासिटामॉल चालतं. अर्धशिशीच्या जुन्या रुग्णाचा हाच धोका असतो: त्याच्या प्रत्येक डोकेदुखीला घरचे, तो स्वतः आणि डॉक्टरही अर्धशिशीच म्हणतात. त्या दिवसापासून कॅलेंडरशेजारी थर्मामीटर लटकतो.

सप्टेंबरात गौरी-गणपतीसाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या त्यांनी कोणाला न विचारता घेतल्या. विसर्जनानंतर गोळ्या थांबवल्या, पाळी आली आणि तीन दिवसांचा सगळ्यात मोठा झटका आला. पाळीच्या तोंडावर इस्ट्रोजेन उतरतं तेव्हा झटका येणं नेहमीचंच. पुढच्या वर्षी काय करायचं ते स्त्रीरोगतज्ज्ञ आणि मेंदूविकारतज्ज्ञ मिळून ठरवतील. मला त्यात मत नाही. गौरींना सवाष्ण म्हणून त्या नसल्या तर चालेल का, हे ठरवणं सासूबाईंकडे आहे.

आकडे

सुरुवातीला महिन्याला सतरा दिवस डोकं दुखत होतं, निदान त्यांच्या अंदाजाने. एप्रिलच्या पानावर एकोणीस, कारण गोळी सुटत होती. मे-जूनचे आकडे मी धरत नाही. शाळेला सुट्टी होती, आणि उन्हातली स्कूटी, रिकामं पोट, न प्यायलेलं पाणी ही तिन्ही कारणं सुट्टीवर होती. जुलै नऊ. ऑगस्टचं पान डेंग्यूने खाल्लं. ऑक्टोबर सहा. निळ्या रेघा पाचच्या वर गेल्या नाहीत. रजा महिन्याला तीन-चार लागायच्या, दिवाळीपूर्वीच्या तीन महिन्यांत डेंग्यू सोडून दोन लागल्या.

अर्धशिशी गेलेली नाही. महिन्यात चार-पाच वेळा ती येते, खोली अंधारी होते. कशाने कमी झाली हे विचाराल तर माझा क्रम असा: मिश्र गोळी सुटली हे पहिलं, अमिट्रिप्टिलीन दुसरं, वेळेवर खाणं आणि केसांचा वार तिसरं. माझ्या कपाटातलं औषध या यादीत कुठे बसतं, मला ठाऊक नाही. मॅडम मात्र नातेवाइकांना सांगतात, “आयुर्वेदाने बरं वाटलं.” मी दर वेळी दुरुस्ती करतो, त्या दर वेळी मान डोलावतात आणि पुन्हा तेच सांगतात. डिसेंबरात एकदा त्यांनी याच विश्वासावर रात्रीची गोळी परस्पर बंद केली होती. दोन आठवड्यांत ठिपके दाटले. तज्ज्ञांनी पुन्हा सुरू केली. कमी करायची तेव्हा तेच करतील.

परवा त्या नवं कॅलेंडर दाखवायला आल्या होत्या. पुन्हा चैत्र, पुन्हा सकाळची शाळा. गॉगल होता, पण डोक्यावर ढकललेला. पाण्याची लिटरची बाटली खांद्याला. शाळेतल्या नळासाठी त्यांनी दोनदा अर्ज दिला आहे, ग्रामपंचायतीत एकदा स्वतः जाऊन बसल्या. नळ अजून आलेला नाही. मधल्या सुट्टीत त्या आणि दुसऱ्या एक बाई शाळेमागच्या अंगणवाडीताईंच्या घरी जाऊन येतात. ताईंनी सांगून ठेवलंय, दाराला कडी नसते, हाक मारून या.